चूल पेटती ठेवण्याची अट

भाडेकरार म्हणजे काय ते मी पहिल्यांदा पाहिलं मालवणच्या तहसील कचेरीबाहेर, एका अर्जनविसाच्या डगमगत्या टेबलावर. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका हायस्कुलात तात्पुरती शिक्षिका. आमचं घर दोडामार्गाकडे, काजूच्या बागेत. तिथून रोज मालवणला येणं म्हणजे अर्धा जन्म एसटीत घालवणं. म्हणून मी एखादी खोली शोधत होते आणि मिळालं अख्खं घर. चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं, रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या वाडीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. भाडं इतकं कमी की मला आधी शंकाच आली, म्हटलं घरात काही आहे की काय.

घर मासे विकणाऱ्या एका बाईचं होतं. विधवा, पन्नाशीच्या पुढची, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघेल. मुलगा, तिच्या भाषेत झील, जहाजावर खलाशी. त्याच्या पगारातून हे घर उभं राहिलेलं, त्याच्या लग्नासाठी. ती स्वतः मात्र तिथं राहत नव्हती. समोरच्या मोठ्या घरात, दीर आणि जाऊ यांच्याबरोबर राहायची. दोन घरांच्या मध्ये एक सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. मी नंतर मोजलं होतं, माझ्या पायरीपासून तिच्या पायरीपर्यंत आठ पावलं.

अर्जनवीस नेहमीचं लिहीत गेला. मुदत अकरा महिने, कुणालाही मोडायचा झाला तर एक महिन्याची नोटीस, वीजबिल भाडेकरूनं भरायचं, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. लिहून झालं तशी घरमालकीण, जिला सगळे काकी म्हणत, म्हणाली, "आणि लिवा, चूल रोज पेटाक व्हयी. पावसात एक दिस सुदिक चुकूचो नाय."

अर्जनविसानं चष्मा वर केला. "काकी, अशी अट कुणी घालत नाही."

"मगे मी घालतंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मग त्यानं कचेरीच्या मराठीत लिहिलं, 'भाडेकरूने सदर घरात दररोज चूल अथवा चुलाण पेटते ठेवावे, पर्जन्यकाळी त्यात खंड पडू देऊ नये.' मला फिसकन हसू आलं. काकी नाही हसली. तिनं अंगठा उठवला, मी सही केली, आणि शाई पुसायला अर्जनविसानं आम्हा दोघींना एकच चिंधी दिली.

मी स्वयंपाक गॅसवर करायची. तेव्हा अट पाळायची तर न्हाणीतल्या चुलाणावर अंघोळीचं पाणी तापवायचं. नारळाची सोडणं आणि करवंट्या काकीच आणून टाकायची, त्याचे पैसे घ्यायची नाही. सकाळी धूर कौलांतून वर गेला की ती खळ्यातून मान वर करून बघायची आणि मगच पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची. एखाद्या रविवारी मी उशिरापर्यंत झोपले तर अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक यायची, "बाईनूऽऽ, आज न्हावक नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पहिल्या महिन्यात तर मी भांडायलाच गेले होते. म्हटलं, "काकी, मी अंघोळ कधी करते याची दवंडी कशाला?" तर ती शांतपणे म्हणाली, "न्हावा नायतर नको न्हावा. जाळ घाला."

हे असं ऐकल्यावर कुणाला झोप लागेल? मला तर नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. आई म्हणायची, हिच्या नाकाला दुसऱ्याच्या घरातला वास आधी येतो. पण काकी उडवाउडवी करायची नाही. तिनं सरळ सांगितलं, "धुरान वासे टिकतत. पावसात बंद घर कुसता बाय. वाळवी लागता, भिंतींका बुरो येता. चवथ झाली काय झिलाचा लगीन. तवसर घर जिता ऱ्हवाक व्हया." हे पटण्यासारखं होतं. कोकणात बंद घराचं काय होतं ते मीही पाहिलं आहे. दोन पावसाळे कुलूप राहिलं की दाराच्या चौकटीला बोट लावलं तरी आत जातं.

पण मग पुढचा प्रश्न. ती आठ पावलांवर राहते, लाकूडफाटा तिचा, घर तिचं. बाजारात जाता जाता काडी ओढायला तिला काय होतं? त्यासाठी परका माणूस घरात घ्यायचा, करारात अट घालायची, रोज मान वर करून धूर मोजायचा, हा काय द्राविडी प्राणायाम? मी एकदा विचारलंच, "काकी, तुम्हीच का नाही पेटवत?"

तिनं पाटी पुढे ओढली. मग म्हणाली, "ता तुमका कळाचा नाय," आणि मासे निवडायला लागली.

झालं! 'तुला कळणार नाही' असं मला सांगितलं की माझ्या अंगात येतं. मी तर्क लढवायला लागले. भूतखेत असावं. नवस असावा. मागच्या बाजूला राखणदार देवाचा दगडबिगड आहे का तेही मी माडांच्या बुंध्यांमधून वाकून बघून आले. कालवांची शिंपलं आणि एक फुटकी बालदी, बाकी काही नव्हतं.

असे सहा महिने गेले आणि एप्रिलात मला पत्र आलं. जामसंड्याच्या एका शाळेत कायम शिक्षिका म्हणून नेमणूक. ते पत्र मी उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, मग न्हाणीत जाऊन रडले. चार वर्षं मी तात्पुरती होते. दर एप्रिलअखेर निरोप आणि दर जूनला हात जोडून परत दारात. आता शाळा उघडण्याच्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द, असं पत्रात स्पष्ट होतं. जामसंडं म्हणजे देवगडला चिकटून. मालवणाहून पावसात रोज जाऊन येणं अशक्य. म्हणजे घर सोडायला हवं, आणि करार तर सप्टेंबरपर्यंत.

मी पेढे घेऊन काकीकडे गेले. तिनं पेढा खाल्ला, तोंडावरून हात फिरवला, "बरा झाला गो बाय," म्हणाली. मग मी मुद्द्यावर आले तशी तिचा हात थांबला.

"जावा ना. पावस सरलो काय जावा."

"पाऊस सरेपर्यंत नोकरी थांबणार नाही काकी."

"मगे जाळ कोण घालीत?"

"डिपॉझिट हवं तर ठेवून घ्या."

ती उसळली. "तुमचो डिपाजिट डब्यात तसोच आसा, आत्ता घेवन जावा! माका पैसो काय करूचो? माका जाळ व्हयो. दुसरो भाडोत्री हाडा, आणि सुखान जावा."

न्याय्य होतं ते, मला मनातून मान्यही होतं. म्हणून मी भाडोत्री शोधायला निघाले. आठ दिवस उन्हातान्हात फिरले. पण मे महिन्याच्या तोंडावर मालवणात घर कोण बदलतं? ज्याला त्याला आपली कौलं परतायची, लाकडं भरायची घाई. एका नर्सबाईंना घर आवडलं, पण चुलीची अट ऐकली आणि त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच गयावया करत असल्यासारखं मला वाटलं. "पावसानंतर बघू," म्हणाल्या. सगळेच तेच म्हणत होते.

मग शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं म्हणून कुडाळला एका वकिलाकडे गेले. त्यानं करार वाचला. "एक महिन्याची नोटीस लिहिली आहे ना? द्या. महिना पुरा झाला की किल्ली परत करा, वीजबिल भरा, घर घेतलं तसं ताब्यात द्या. तुमची जबाबदारी संपली."

"आणि चूल?"

त्यानं ते कलम दोनदा वाचलं. गंमत वाटली त्याला. "ही अट तुम्ही तिथे राहता तोपर्यंत. गेल्यावर कसली चूल? दुसरा भाडेकरू आणून देण्याचं तर यात कुठेच नाही. आणि हो, तोंडी सांगू नका. तोंडी बोललेलं उद्या कोण कबूल करतं? माझ्या शिक्क्यानं रजिस्टर पाठवू, पोचपावतीसकट."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. कायद्यानं सुटले म्हणून तर वाटलंच, पण तिचं तोंड बघावं लागणार नाही म्हणून जास्त. वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी मी, आणि आठ पावलं चालून जायला घाबरले. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप घातलं आणि सुट्टी म्हणून दोडामार्गाला पळाले. काकी बाजारातून आलीही नव्हती. आठवड्यानं वकिलाचा निरोप आला, पोचपावती परत आली, तिच्यावर अंगठा आहे. मी आईबरोबर काजूच्या बिया निवडत बसले होते. म्हटलं, पोचलं, आता काय आगडोंब उसळायचा तो उसळला असेल.

त्यानंतर दहा दिवसांनी सामान आवरायला परत आले. एसटीत सगळा वेळ मनाशी भांडण पाठ करत होते. ती असं म्हणाली तर मी असं म्हणणार, कलम अमुक, महिना तमुक. रिक्षातून उतरले तर काकी समोरच्या पायरीवर बसलेली. दुपारची वेळ, बाजाराची वेळ, आणि तिची पाटी भिंतीला उपडी टाकलेली. केस विंचरलेले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"इलास?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

मी सगळी वाक्यं तोंडात घेऊन तशीच उभी. म्हटलं, अबोला! ठीक आहे, मलाही अबोला धरता येतो. वाडीतल्या बायकाही माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मला वाटलं, वाळीत टाकलेलं दिसतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चुलाण पेटवलं नाही. गार पाण्यानं अंघोळ केली आणि हाकेची वाट बघत बसले. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही मी पेटवलं नाही, आणि तेव्हाही हाक नाही. ही बाई मला शिव्या देत नाही एक वेळ समजू शकते, पण धुराकडे बघत नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालं आहे.

विहिरीवर काकीची जाऊ भेटली. ती कमी बोलणारी, नवऱ्यापुढे तर तोंडच न उघडणारी बाई. मी कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "काकींना बरं नाही का?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. "तुमका कोणी सांगूक नाय? रजिस्टर इला. झिलाचा."

"कसलं रजिस्टर?"

"वकिलाचो शिक्को आसा त्यार. पोस्टमनान अंगठो घेतल्यान आणि दिल्यान. तीन वर्सांआदी पलीकडच्या घराक असाच वकिलाचा रजिस्टर इलला. जहाजारचो झिल गेल्याचा." तिनं पदरानं डोळे टिपले. "हिना देवासमोर ठेवल्यान हा. फोडूक दिना नाय कोणाक. म्हणता, फोडूक नाय तवसर माजो झिल जितो आसा."

ते रजिस्टर कुणाचं ते मला माहीत होतं. मुलगा समुद्रावर असताना त्याला फोन करता येत नसे. तोच दीड-दोन महिन्यांनी कुठल्याशा बंदरातून वाण्याच्या दुकानात फोन करी, आणि दुकानदार पोराला धावत पाठवी. म्हणजे पंधरा दिवस ही बाई एका बंद पाकिटासमोर बसून होती. मासे विकले नव्हते, मासे खाल्ले नव्हते, सकाळसंध्याकाळ देवाला दिवा लावत होती. आणि मी दोडामार्गात सांदण खात होते.

जाऊ अजून बोलतच होती, खालच्या आवाजात. "आमचे घोव म्हणाक लागले, झिलाचा काय बरावाईट झाला आसात तर ह्या घराचा काय? खंयचो तरी हॉटेलवालो घेवन इले. टेप लावन खळा मोजल्यानी. आतसून बघूचा होता, पण दाराक तुमचा कुलूप. हिना सांगल्यान, करार आसा, बाई येयसर कोण हात लावचो नाय. त्या दिसापासून ही जेवलीच नाय नीट."

मी कळशी तिथेच टाकली आणि धावले.

काकी देवघरासमोर भिंतीला टेकून बसली होती. पाकीट देवांच्या पाठीमागे उभं, त्याच्यावर कुंकवाचं बोट. कुडाळच्या वकिलाचा निळा शिक्का मला उंबऱ्यावरूनच दिसला.

"काकी, ते पत्र माझं आहे."

"तुमचा कसा? माज्या नावान इला."

"मी पाठवलं. वकिलाकडून. तुमच्या मुलाचं काही नाही त्यात. घर सोडण्याचं पत्र आहे."

तिला अर्थच लागत नव्हता. मग ती उठली, पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाचा."

मी फोडलं. घाईत पाकीट मधोमध फाटलं. आणि मी माझीच नोटीस तिच्या तोंडावर वाचायला लागले. 'माझे अशील यांचे वतीने आपणांस कळविण्यात येते की, उभयतांमधील करारनाम्यातील कलमानुसार...' ती कान देऊन ऐकत होती.

"झिलाचा नाव खंय येता?"

"येत नाही काकी. कुठेच येत नाही."

"परत वाचा."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा ती मटकन खाली बसली. आधी हसली. मग रडली, मोठ्यांदा, तोंडावर पदर न घेता. तेवढ्यात जाऊ आली, वाडीतल्या दोघी-तिघी दारात जमल्या. आणि मग काकी उठली आणि तिनं माझ्या दंडावर एक सणसणीत फटका मारला.

"आठ पावलार ऱ्हवतंस गो तू! आठ पावलार! तोंड खंय ठेवललंस? इतक्या बडबडतंस, आणि माका सांगूक वकील लागलो? आवशीक खाव तुज्या त्या वकिलाच्या! पंधरा दिस मी माज्या झिलाक मेललो धरून बसलंय!"

मी तिच्यासमोर खाली बसले आणि रडले. कायद्यानं मी काही चुकले नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलेली नाही.

बायका गेल्या. काकीनं तोंड धुतलं, पंधरा दिवसांनी चहात साखर घातली आणि मलाही दिला. मग म्हणाली, "तुका विचारूचा होता ना, मी कित्याक पेटवणंय नाय ता? आयक."

आणि मला ते कळलं. सहा महिने जे शोधत होते ते इतकं साधं होतं, की भूत नव्हतं म्हणून मी ओशाळलेच. रापणीची वाटणी घरागणिक होते. आणि घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. एक चूल म्हणजे एक घर. दीर-जाऊ आणि ती एका चुलीवर जेवत होती तोवर मोठ्या घराचा कारभार, जाळ्यातला हिस्सा, चतुर्थीचा गणपती, सगळं एकत्र, दिराच्या हाताखाली. तिनं मुलाच्या घरात एक दिवस जरी जाळ घातला असता तरी वाडी म्हणाली असती, हिनं चूल फोडली. वेगळी झाली. नवरा मरताना सांगून गेला होता, चूल फोडू नको. आणि घर तर जगवायचं होतं. म्हणून परक्याचा जाळ. भाडोत्र्याच्या धुराला वाडी धरत नाही. मुलाचं लग्न झालं की तो आणि सून चूल मांडतील, तोपर्यंत कुणीतरी तिऱ्हाइतानं धूर काढावा, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, "काकी, मी पाऊसभर राहते. नोकरीचं बघू काहीतरी." पण 'बघू'सारखं काही नव्हतं. जूनच्या त्या दिवशी हजर झाले नाही तर पुन्हा जन्मभर एप्रिल आणि जून.

ती काही बोलायच्या आत दीर दारात आला. कुणीतरी समुद्रावर जाऊन त्याला सांगितलं असणार. धापा टाकत होता. खरं ते खरं, तो दारातच बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोळे पुसले. पुतण्यावर त्याचा जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. पण माणूस एका डोळ्यानं रडतो आणि दुसऱ्यानं खळं मोजतो, हेही मी त्या दिवशी पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मगे बाई गेली काय घर रिकामाच."

"रिकामा नाय," काकी म्हणाली. "मी जातंय थंय."

"चूल फोडतंस?"

"भावोजींनू, चूल मी नाय फोडूक. मी हयसर उपाशी बसललंय आणि तुमी भायर टेप लावललास, त्याच दिसा ती फुटली. माका कळला, हया घरात मी पण भाडोत्रीच. माज्याकडे तर कागद पण नाय. बाईचा कुलूप होता म्हणान माज्या झिलाचा घर वाचला. आता कुलूप माजा."

त्यानं बायकोकडे पाहिलं. जाऊ भिंतीकडे बघत होती. तो उठला आणि समुद्राकडे गेला.

काकी माझ्याकडे वळली. "आणि तू! पाऊसभर ऱ्हवतंस म्हणे. आवशीन तुज्या शिकयल्यान ता ह्याच्यासाठी? तुजी नोटीस माका पावली. आता माजी ऐक. परवा सकाळच्यान घर मोकळा करून दी. माका व्हया."

म्हणजे शेवटी मलाच दोन दिवसांची नोटीस मिळाली, तीही तोंडी. मी रडता रडता हसले.

पण मनाला चैन नव्हती. एक घर मोडलं होतं, वीस-बावीस वर्षांची एक चूल, आणि ती माझ्या पत्रानं मोडली होती. ते आज ना उद्या व्हायचंच होतं, असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. असेल. माझ्या हातून झालं एवढं मात्र खरं. उद्या वाडी हिला काय म्हणेल, रापणीचा हिस्सा देताना दीर किती खळखळ करील, पावसात ही एकटी आजारी पडली तर पाणी कोण देईल, हे सगळं मी ट्रंक भरताना मनात घोळवत होते आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

जायच्या दिवशी सकाळी काकी आली. काखेत तांदळाचं गाठोडं, हातात एक टोप, डोक्यावर लाकडं. स्वयंपाकघरातली मातीची चूल बांधल्यापासून कधी पेटलीच नव्हती, मी तिच्यावर पुस्तकं ठेवायची. काकीनं ती झाडली, सारवली, लाकडं रचली आणि मग तशीच बसून राहिली. कनवटीला काडेपेटी असताना माणूस का थांबतो ते मला कळेना. मी विचारलं.

"पयलो जाळ काडयेन घालणत नाय. घरच्या चुलीतलो इस्तो हाडतत." ती समोरच्या घराकडे न बघता म्हणाली. "थंयसून माका आता कोण देतलो? तुज्या चुलाणातलो दी."

मी न्हाणीकडे धावले. निखारा उचलायला चिमटा शोधत होते तेवढ्यात खळ्यात पावलं वाजली. जाऊ येत होती. दोन्ही हातांत करवंटी धरलेली, वर राख, राखेतून धूर. आठ पावलं ती अशी चालत आली की जणू कुणी तिला बांधून ओढत होतं आणि तरी ती थांबत नव्हती. समोरच्या पडवीत तिचा नवरा उभा होता, तो बघत होता, सगळी वाडी बघत होती. तिनं उंबरा ओलांडला आणि करवंटी चुलीपाशी ठेवली.

"परक्याच्या इस्त्यार कित्याक? ह्यो घे. आपल्या चुलीतलो."

काकीचा चेहरा वाकडातिकडा झाला. "गो, तुजो घोव बघता हा थंयसून."

"बघांदे," जाऊ म्हणाली आणि चुलीपुढे गुडघे टेकून बसली. "आदी फुंकर घाल, नायतर इजात."